डिस्कवर्ल्ड पहिल्या पुस्तकापासूनच वाचायचं, हा हट्ट कशाला?

मांजराकाठ: परवा इथं एकानं ठणकावून लिहिलं की इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड ही विनोदी जादुई कादंबऱ्यांची मालिका १९८३ च्या ‘द कलर ऑफ मॅजिक’पासून ओळीनं ४१ पुस्तकं वाचावी, मधूनच उचलणाऱ्यानं ‘आवडली’ म्हणूच नये. असल्या अटींनीच नवे वाचक पळतात. त्या पुस्तकात जुन्या तलवार-जादूच्या कथांची टिंगल आहे. त्या कथा वाचलेल्या नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. वर शेवट असा, की रिन्सविंड हा भित्रा जादूगार त्या थाळीसारख्या सपाट जगाच्या कडेवरून खाली पडतो अन् पुस्तक संपतं! पुढचं ‘द लाइट फॅन्टास्टिक’ (१९८६) हाताशी नसेल तर वाचक तिथंच थांबला. नव्याला ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) द्या. ड्रॅगन, मोडकळीला आलेली रात्रीची गस्त, दारुडा कॅप्टन व्हाइम्स. आधीचं काही माहीत नसलं तरी अडत नाही.

बालाघाटी: ते मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. मृत्यू हे या मालिकेतलं एक पात्रच आहे, पहिल्या पुस्तकात ते खुनशी आहे. ‘मॉर्ट’मध्ये (१९८७) तोच मृत्यू माणसांबद्दल कुतूहल बाळगायला लागतो. मधून सुरू करणाऱ्याला हा बदल कुठून दिसणार? आणि ही मंडळी कौतुक ऐकून थेट ‘नाइट वॉच’ उचलतात. व्हाइम्स तीस वर्षं मागं जातो, तरुणपणच्या स्वतःला भेटतो. आधीचा व्हाइम्सच ठाऊक नसेल तर त्यात काय राहिलं?

मांजराकाठ: ‘नाइट वॉच’ आधी नको, एवढं मान्य. पण त्यासाठी ४१ कशाला? ‘गार्ड्स! गार्ड्स!’, ‘मेन ॲट आर्म्स’, ‘फीट ऑफ क्ले’, ‘जिंगो’, ‘द फिफ्थ एलिफंट’. आधी ही पाच पुरतात. ‘स्मॉल गॉड्स’ला (१९९२) तर तेवढीही नकोत. एकच खरा भक्त उरल्यामुळं देवाचं कासव झालंय. नाथांची भारुडं ऐकून वाढलेल्या पैठणच्या माणसाला ही हसवत हसवत चिमटा काढायची रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गोदातीर: क्रमाचं सोडा हो, तळटीपांचं बोला! ई-पुस्तकात त्या पार शेवटी ढकलतात आणि लोक ‘नंतर बघू’ म्हणतात. विनोदाचा उरलेला अर्धा भाग तिथंच असतो, चांदणी दिसली की लगेच वाचा. बहुतेक पुस्तकांत प्रकरणंही नाहीत. कोरी ओळ येईल तिथं थांबायचं.

पाणबुडी: ‘मेन ॲट आर्म्स’मधले बूट कसे कुणालाच आठवेनात? व्हाइम्सचा पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० चे, दहा वर्षं टिकतात. गरीब १० चे घेतो, ते एक-दोन हंगामात गळतात. दहा वर्षांत १०० खर्चून पाय ओलेच. आपल्या शेतातल्या पाण्याच्या मोटरींचं हेच आहे. स्वस्त मोनोब्लॉकात (मोटर-पंप एकत्र असतो तो) ॲल्युमिनियमची वाइंडिंग, म्हणजे आतली तार, ती जळते, मग दर उन्हाळ्यात नवी तार भरायला टाका.

बालाघाटी: काहीही काय म्हणायलात! मोटर कमी व्होल्टेजनं जळते. फीडरच्या, म्हणजे वीजवाहिनीच्या टोकाला तांब्याचीही जळते. बुटांचा काय संबंध?

पाणबुडी: संबंध आहे. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त अँपिअर ओढते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्याच जाडीच्या तारेत उष्णता तेवढी जास्त, तारेवरचं वार्निश आधी करपतं. खर्च नुसता भरण्याचा नसतो. हरभऱ्याचे घाटे भरताना पाणी चुकलं तर नुकसान मोटरीपेक्षा मोठं. पैसेवाला एकदाच तांबं घेतो.

बालाघाटी: आणि तीन फेजपैकी एक गेल्यावर? तेव्हा तांबंही वाचवत नाही. फेज गेली की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर काढून ठेवतात, जास्त करंटला मोटर बंद करणारा रिले मोटरीच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरच्या वर लावतात. ही गरिबी नाही, हयगय आहे.

पाणबुडी: रिलेचं बरोबर आहे. हयगयीचं नाही. शेतीला मिळणाऱ्या आठ तासांच्या विजेत मोटर चार वेळा ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली तर भिजवणं अर्धं राहतं, म्हणून रिले वर चढवतात.

मांजराकाठ: मोटरींना वेगळा धागा काढा की! बालाघाटी, नव्या वाचकाला पहिलं कोणतं द्यायचं, तेवढं सांगा.

बालाघाटी: द्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’. पण ‘द लाइट फॅन्टास्टिक’ वाचल्याशिवाय पहिल्या पुस्तकाला नावं ठेवायची नाहीत. ते दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे. आणि पाणबुडी, आठ तासांचं कारण मला पटलेलं नाही.