मदत हवी आहे: काचेला फिल्म लावताना खालचा कोपरा बसत नाही

राम राम मंडळी. आर्वीकडच्या खेड्यात राहतो. मे महिन्यात गाडी उघडली का स्टिअरिंगला हातच लावता येत नाही, म्हणून बाजूच्या काचांना उष्णता अडवणारी फिल्म घरीच लावून पाहतो आहे. गडद नको, बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आत आलाच पाहिजे, तशीच घेतली.

काच बेबी शॅम्पूच्या पाण्यानं धुतो, पाणी मारतो, रबरी पट्टीनं मधून कडेकडे ओढतो. वरचा भाग आरशासारखा बसतो. पण दाराच्या खालच्या रबरात दडलेली धूळ अन् कापसाचे तंतू पाण्यासोबत वर येतात, आणि नेमके कोपऱ्यात फिल्मखाली अडकतात. कापसातली सरकी काढायची जिनिंग शेजारीच आहे, काय करणार!

जाणकार भाऊ-ताईंनो, ते रबर काढूनच काम करता का? की चिकटपट्टी लावून झाकता? मागची काच वाकडी, त्यावर हीट गननं फिल्म आकसवताना सुरकुत्या कशा टाळायच्या? आतल्या डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) तारांवर ब्लेड चालवायची माझी हिंमत नाही.

आणखी एक. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं फिल्म बंद केली, 2024 मध्ये केरळ हायकोर्टानं नियमात बसणारी चालते म्हटलं. वर्धा-अमरावती रस्त्यावर कोणाला चलन बसलं का?