यामाहा ईएक्स5: पाच पद्धती एका पेटीत, पण एका वेळी किती?

मूर्च्छना (धागाकर्ता)

यामाहा कंपनीचा ईएक्स5 हा 76 पट्ट्यांचा वर्कस्टेशन सिंथेसायझर (ज्याच्यावर आवाज घडवून पूर्ण गाणेही रचता येते असे विजेवरचे वाद्य) 1998 साली आला, तेव्हा त्याच्याविषयी दोन तट पडले आणि पाव शतक उलटून गेल्यावरही ते तसेच आहेत. एका बाजूला ते धाडसी यंत्र वाटते, तर दुसऱ्या बाजूला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. मी पहिल्या तटातला आहे. अकरा वर्षे हे यंत्र माझ्या घरात आहे, त्यामुळे त्याचे दोषही मला पाठ आहेत. तरीही मत बदलावेसे वाटलेले नाही.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. रॉममध्ये भरलेल्या 16 मेगाबाइट ध्वनिनमुन्यांवरून आवाज घडवणारी एडब्ल्यूएम ही त्यातली पहिली पद्धत. दुसरी व्हीएल: वाद्याच्या नळीत हवेचे किंवा तारेत कंपनाचे जे होते, त्याचे गणित आपण वाजवत असतानाच सोडवणारी. एएन ही जुन्या अ‍ॅनालॉग सिंथची गणिती प्रतिकृती आहे, तर एफडीएसपीमध्ये प्रत्येक सुरावर त्याच्या पट्टीप्रमाणे आणि आघाताच्या जोराप्रमाणे वेगवेगळी प्रक्रिया होते. यांच्या जोडीला आपण स्वतः मुद्रित केलेले नमुने वापरता येतील अशी सॅम्पलिंगची सोय, आणि वर वाजवलेले सूर साठवून पुन्हा वाजवणारा 16 ट्रॅकचा सीक्वेन्सर.

पण यादी लांब आहे म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. या पद्धती एकाच आवाजात, एकाच पट्टीखाली एकत्र येतात, हे मला महत्त्वाचे वाटते. माझ्या नेहमीच्या एका आवाजात खाली मी घरीच मुद्रित केलेल्या तानपुऱ्याचा नमुना एडब्ल्यूएमच्या अंगाने वाजतो आणि वर व्हीएलची बासरी असते. फुंकरीचे नियंत्रक दातांत धरून पंचम लावला आणि श्वास हळूहळू आवरत नेला, की आवाज नुसता लहान होत नाही. त्याच्यातला सूर विरळ होत जातो, वारा वाढतो, आणि अखेरच्या क्षणी तो खऱ्या बासरीसारखा कापरा होऊन तुटतो. जोरात फुंकले तर वरच्या सप्तकात उडीही मारतो. हा तुटण्याचा क्षण कोणत्याही नमुन्यात मुद्रित केलेला नसतो, कारण तो दर वेळी नवा घडतो. तो ऐकला की बाकीच्या तक्रारी मला दुय्यम वाटू लागतात.

खर्ज

धागाकर्त्यांचा अनुभव मनापासून मान्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही.

जाहिरातीत ठळक छापलेला, एका वेळी वाजणाऱ्या 126 सुरांचा आकडा फक्त एडब्ल्यूएमचा होता. एफडीएसपी वापरले की तो 16 वर येतो, एएनचे एका वेळी जेमतेम 2 सूर मिळतात आणि व्हीएलचा 1. शिवाय अनेक आवाज एकत्र रचण्याच्या परफॉर्मन्स अवस्थेत या तिघांपैकी एकाच प्रकारचा एकच आवाज घेता येतो, कारण तिघांचीही गणिते एकाच डीएसपीच्या (ध्वनीची गणिते करणाऱ्या चिपच्या) ताकदीवर चालतात आणि ती ताकद तेवढीच होती. ताटात पाच पक्वान्ने वाढली आहेत, पण एका वेळी एकाच वाटीला हात लावायचा, अशी ही मेजवानी आहे.

‘त्या काळी तंत्रच तेवढे होते’ हे उत्तर येणार, म्हणून आधीच सांगतो. याच कंपनीचा एएन1एक्स 1997 साली, म्हणजे वर्षभर आधी, अ‍ॅनालॉग मॉडेलिंगचे (म्हणजे एएनसारख्या गणिती प्रतिकृतीचे) 10 सूर देत होता, आणि तो वर्कस्टेशन नसल्यामुळे स्वस्तही होता. 1999 साली आलेल्या कॉर्ग कंपनीच्या ट्रायटन वर्कस्टेशनने वेगळा मार्ग धरला: मूळ यंत्र नमुन्यांवर चालवायचे, आणि मॉडेलिंग हवेच असेल त्याने 6 सुरांचे वेगळे कार्ड विकत घेऊन आत बसवायचे. त्या कार्डाला स्वतःची ताकद असल्यामुळे ते मूळ यंत्राच्या तोंडचा घास काढून घेत नसे. पुढे 2001 साली आलेल्या मोटिफ वर्कस्टेशनमध्ये खुद्द यामाहानेही व्हीएल, एएन आणि एफएम (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून आवाज घडवण्याची पद्धत) यांची वेगवेगळी कार्डे आणि त्यांच्यासाठी तीन खाचा दिल्या. पाचही गोष्टी एकाच स्वयंपाकघरात रांधण्याचा बेत फसला, याची ती कबुलीच नव्हे काय?

पेटीवाला

मी दोघांच्या मधे आहे, पण माझी तक्रार दोघांपेक्षा वेगळी आहे.

व्हीएलचा एकच सूर मिळतो, हे रडगाणे मला कधीच पटलेले नाही. बासरी, सनई, क्लॅरिनेट या वाद्यांतून एका श्वासात एकच सूर निघतो, आणि आपल्या संगीतात तर एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटेतच सगळे असते. नमुन्यावर आधारलेली सनई घेऊन मींड काढली की ध्वनिफीत ओढल्यासारखी वाटते, कारण सुराबरोबर वाद्याचा घाटही वर सरकतो. व्हीएलमध्ये तो घाट जागेवर राहतो, सूर तेवढा हलतो. त्यामुळे मी ईएक्स5 ची लांब स्पर्शपट्टी मींडीसाठी वापरतो आणि नियंत्रणाच्या दोन चक्रांपैकी एक फुंकरीच्या जागी. (जाता जाता एक गंमत: या कंपनीची सुरुवातच 1887 साली हामामात्सु गावात एक रीड ऑर्गन दुरुस्त करण्यातून झाली. म्हणजे तीही मुळात आमच्याच पेटीच्या भाऊबंदांतली.)

माझे भांडण आहे ते सॅम्पलिंगशी. यंत्राबरोबर नमुन्यांसाठी मिळत असे ती स्मृती 1 मेगाबाइट. 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिट या दर्जाने हिशेब केला तर एका वाहिनीचे जेमतेम 12 सेकंद मुद्रण झाले, स्टिरिओ हवे असेल तर 6. ती स्मृती 65 मेगाबाइटपर्यंत वाढवता येते खरी, पण वीज गेली की रिकामी होते, आणि ती पुन्हा भरायला मूळ यंत्रात आहे फक्त 1.44 मेगाबाइटची फ्लॉपी. पूर्ण भरायची म्हटली तर 45 हून अधिक फ्लॉप्या लागतील! बाहेरची डिस्क जोडण्यासाठी स्कझीची जोडणी वेगळे पैसे मोजून घ्यावी लागे, आणि ती घेऊनही वाट पाहणे काही चुकत नसे.

एका गणेशोत्सवात आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असताना मंडपातली वीज अर्ध्या मिनिटासाठी गेली. दिवे परत आले, ध्वनिक्षेपक परत आले, प्रेक्षकही टाळ्या वाजवून परत बसले. माझ्या यंत्रातले संबळ आणि तुतारीचे नमुने तेवढे परत आले नाहीत. फ्लॉपी घालून मी पडद्यावरची रेघ सरकताना पाहत बसलो आणि तिकडे निवेदकाने विनोद सांगून वेळ मारून नेली. त्याचे विनोद संपले, फ्लॉपी संपली नाही. विघ्नहर्त्याच्या समोर असे विघ्न आलेला वादक व्हीएलच्या गणिताचे कौतुक करण्याच्या मनःस्थितीत नसतो.

मूर्च्छना

पेटीवाले, स्मृतीबाबत तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे कंपनीने हात आखडता घेतला. माझ्या यंत्रात फ्लॅश स्मृतीचे कार्ड आहे, त्यामुळे 8 मेगाबाइट नमुने वीज गेल्यावरही टिकतात. तानपुरा त्यातच ठेवला आहे.

खर्ज यांच्या आकड्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही, पण त्यांनी केलेली तुलना मला चुकीची वाटते. एएन1एक्स 10 सूर देत असे, पण त्याच्यात नमुना घालता येत नसे, त्यामुळे तानपुऱ्यावर बासरी हा माझा आवाज तिथे जन्मालाच आला नसता. व्हीएलचे मूळ यंत्र असलेला 1994 चा व्हीएल1 घेतला तर तोही फक्त 2 सुरांचा, आणि त्याची किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरची. त्याच कुळातला 1 सूर, आजूबाजूला शंभराहून अधिक नमुना-सूर आणि सगळे नियंत्रण एकाच हाताखाली, हे 1998 साली दुसरीकडे कुठे मिळत होते?

आणि कार्डांविषयी म्हणाल, तर कार्डावरचा व्हीएल मूळ यंत्राच्या शेजारी वाजतो. ईएक्स5 मध्ये तो नमुन्याच्या सोबत एकाच आवाजाचा घटक म्हणून बसतो. एकच फुंकर दोघांनाही चालवते. तुम्ही ज्याला एकाच स्वयंपाकघरातली गर्दी म्हणता, तिच्यामुळेच हे शक्य झाले.

षड्जपंचम

मी या यंत्रावर फार वाजवलेले नाही, त्यामुळे भीत भीतच एक निरीक्षण मांडते.

ज्या एफएम पद्धतीने 1983 च्या डीएक्स7 या सिंथेसायझरपासून यामाहाचे नाव घरोघरी पोचवले, ती स्वतंत्र पद्धत म्हणून ईएक्स5 मध्ये नाहीच. ती त्याच वर्षी एफएस1आर या वेगळ्या यंत्रात गेली. म्हणजे ‘सगळे एका पेटीत’ हे वर्णनही अर्धेच खरे आहे. योगायोग असा की एफएमचा शोध जॉन चाउनिंग यांनी लावला तो स्टॅनफर्डमध्ये, आणि व्हीएलच्या मुळाशी असलेले वेव्हगाइडचे (नळीत किंवा तारेत लहर कशी फिरते त्याचे) गणित ज्युलियस स्मिथ यांनी मांडले तेही स्टॅनफर्डमध्येच. ही दोन भावंडे खुद्द ईएक्स5 मध्ये मात्र भेटली नाहीत.

दिशेबाबत मी धागाकर्त्यांच्या बाजूची आहे. 2011 च्या कॉर्ग क्रोनॉसमध्ये नऊ प्रकारची ध्वनियंत्रे एकत्र होती, आणि 2023 च्या माँटेज एम या सिंथेसायझरमध्ये यामाहाने नमुने, एफएम आणि अ‍ॅनालॉग मॉडेलिंग पुन्हा एका पेटीत आणले. बेत फसला असता तर तो पुन्हा कोणी मांडला नसता. मात्र माँटेज एमच्या त्या यादीत व्हीएल नाही, आणि त्याचे उत्तर खर्ज यांच्याकडे आहे की मूर्च्छना यांच्याकडे, हे मला ठरवता आलेले नाही.

खर्ज

उत्तर सोपे आहे: व्हीएल शिकावे लागते. नमुन्याच्या बासरीवर कोणीही बोट ठेवले तरी ती बरी वाजते. व्हीएलची बासरी फुंकर, स्पर्शपट्टी आणि पट्ट्या तिन्ही जुळल्याशिवाय खेळण्यातल्या पिपाणीसारखी वाजते. दुकानात दहा मिनिटे वाजवून पाहणारा गिऱ्हाईक ती पिपाणी ऐकूनच परत जातो.

एकाच आवाजातल्या मिलाफाचा मुद्दा मला आधी नीट लक्षात आला नव्हता आणि तेवढ्यापुरती माझी कार्डांची उपमा मी मागे घेतो. पण वर्कस्टेशन या शब्दाला एक अर्थ आहे: त्याच्यावर पूर्ण गाणे उभे राहिले पाहिजे. गाण्यात बासरी व्हीएलची घेतली की बेस एएनचा घेता येत नाही, ही अडचण कोणत्याही तानपुऱ्याने भरून निघत नाही. याला मी अपुरे वर्कस्टेशन आणि उत्तम एकल वाद्य म्हणेन. कंपनीने ते त्या नावाने विकले असते तर माझी तक्रारच नव्हती.

मूर्च्छना

बासरी आधी वाजवून ती यंत्रातच नमुना म्हणून मुद्रित करायची आणि मग व्हीएल मोकळा करून एएनचा बेस घ्यायचा, हा मार्ग आहे. मी तीन गाणी अशी केली आहेत. वेळखाऊ आहे, हे कबूल.

खर्ज

आणि मुद्रित झाल्यावर ती बासरी दर वेळी त्याच जागी, तशीच तुटणार. आपला पहिला प्रतिसाद पुन्हा वाचावा.

पेटीवाला

यावर मूर्च्छना काय म्हणतात ते वाचायला मी पुन्हा येईन. तोवर माहितीसाठी: फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी मी आता यूएसबी घेणारा नकली ड्राइव्ह बसवला आहे. वेळ तेवढाच लागतो, फक्त बुरशी लागत नाही.