अनुभव धागा : फजितीतून शिकलेली एक तरी युक्ती सांगा

गेल्या शनिवारी मी गुहागरला राहायची घरगुती ठिकाणं शोधत होते. चौदा टॅब उघडे. कुठे समुद्र जवळ, कुठे जेवण चांगलं, कुठे सासूबाईंना जिना चढावा लागणार नाही, असा दोन तासांचा पसारा मांडला होता. बोट चुकलं आणि अख्खी विंडो बंद झाली. कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात नववीतला भाचा आला. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबलं आणि चौदाच्या चौदा टॅब परत! "मावशी, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं," म्हणाला आणि फ्रिज उघडायला गेला.

मी अकरा वर्षं ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसते. मला कुणी सांगितलं नव्हतं. (इनकॉग्निटोत, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खासगी विंडोत, बंद केलेलं मात्र परत येत नाही. तेही त्याच दिवशी कळलं.)

तर लिहा. 'मोबाइलचे पन्नास गुप्त कोड' छाप फॉरवर्ड नकोत. आधी तुमची फजिती झाली, मग युक्ती सापडली आणि ती अजून वापरता, असं काहीतरी हवं. लहानसहान चालेल. आणि 'हे तर सगळ्यांनाच माहीत असतं' असं इथे कुणी कुणाला म्हणायचं नाही.

पाचवा मजला

सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे फजितीची खाणच. मेंटेनन्सच्या पावत्या करताना एका फाइलमधून नाव कॉपी करायचं, पेस्ट करायचं, परत जायचं, रक्कम कॉपी करायची. एकदा या ये-जा करण्यात ३०२चे पैसे २०३च्या नावावर गेले. ३०२ अजून माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

आता नाव, रक्कम, तारीख एकामागून एक कॉपी करून घेतो आणि पेस्ट करताना विंडोजचं बटण धरून व्ही दाबतो. कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी येते, हवी ती निवडायची. पहिल्या वेळी 'चालू करू का' असं विचारतं, तेव्हा हो म्हणा. नेहमी लागणारं (माझ्याकडे सोसायटीचा खातेक्रमांक) पिन करून ठेवलं तर मशीन बंद करून चालू केल्यावरही राहतं. एक धोका आहे. पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या यादीत जाऊन बसतो. ऑफिसच्या सामायिक मशीनवर जपून.

झेरॉक्सवाला

माझं तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. फजिती गिऱ्हाइकांची, शहाणपण माझं, असं चालेल का?

भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख असली की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, असलं काहीतरी मागतात आणि पोरं फोनवर काढलेला चार एमबीचा फोटो घेऊन येतात. मग 'फोटो लहान करा' असं शोधून मिळेल त्या वेबसाइटवर टाकतात. अरे बाबांनो, तुमचा चेहरा आणि तुमची सही एकत्र कुणाच्या हातात देताय, माहीत तरी आहे का?

घरच्या कॉम्प्युटरवर साधं पेंट असतं. त्यात फोटो उघडा, आधी कडा कापा. भिंत, पडदा, मागचं कॅलेंडर काही नको. मग रिसाइझमध्ये जाऊन पिक्सेल कमी करा. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या केल्या की पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर येतात, आणि केबीही साधारण त्याच चालीने उतरतात. जेपीजीमध्ये सेव्ह करा. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर, काळ्या पेनाने, जरा मोठी करा आणि दिवसाउजेडी फोटो काढा. रेघांच्या वहीवरची सही मी पुन्हा करायला लावतो. रेघा घासून सही राहत नाही.

दुसरं. प्रिंट काढायला म्हणून दुकानातल्या मशीनवर व्हॉट्सॲप उघडतात आणि तसंच ठेवून जातात. एका गुरुजींचं चार दिवस उघडं होतं. मला कळलं कधी, तर स्क्रीनवर 'येताना मेथी आणा, मागच्यासारखी जुनी नको' असा निरोप झळकला तेव्हा. मी भला माणूस म्हणून ठीक. तुम्ही आत्ता फोनमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा. ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं की त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा.

आणि आधारची प्रत द्यायची असेल तर मास्क्ड आधार उतरवून घ्या. पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. बऱ्याच कामांना तेवढं पुरतं. त्या पीडीएफचा पासवर्ड विचारायला रोज कुणीतरी काउंटरला उभं असतं, म्हणून सांगतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल.

धागाकर्ती

उघडून बघितलं. माझ्या फोनला मागच्या ऑफिसातलं मशीन अजून जोडलेलं होतं! दोन वर्षं झाली सोडून. झेरॉक्सवाले दादा, आभार.

रिमोट कुठाय

टीव्हीचा रिमोट चालेना म्हणून सेल बदलले, मग रिमोट बदलला, मग मेकॅनिक बोलावला. बिघाड टीव्हीत होता, रिमोट पहिल्यापासून ठणठणीत. आता आधी फोनचा कॅमेरा उघडतो, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करतो आणि बटण दाबतो. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकला की रिमोट आणि सेल ठीक. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा, काही फोनांत मागच्यावर तो उजेड अडवणारी काच असते.

एडिसनची लेक

मी न्यू जर्सीत, बाबा चिपळूणला. आमची टेक्निकल मदत फोनवरून चालायची आणि दर वेळी भांडणात संपायची. "बाबा, वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, ती दाबा." "टिंबं नाहीत गं, मघाशीच स्क्रीन पुसलाय मी." एकदा चाळीस मिनिटं बोलल्यावर कळलं की ते टीव्हीसमोर बसले होते आणि मी फोनबद्दल बोलत होते.

व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये २०२३ पासून स्क्रीन शेअर करता येतो. बाबांना तेवढं एकच बटण शिकवलं, कागदावर चित्र काढून. आता त्यांचा स्क्रीन मला दिसतो, मी फक्त "आणखी खाली, हां, तेच" एवढं म्हणते. रक्तदाब दोघांचाही बरा आहे.

पण हेच बटण भामटेही दाबायला लावतात, 'बँकेतून बोलतोय' म्हणून. तेव्हा घरात नियम केलाय: बाबांनी स्वतः मला फोन लावला असेल तरच शेअर करायचं, आणि शेअर चालू असताना बँकेचं किंवा पैशाचं ॲप उघडायचं नाही. मी सांगितलं तरी नाही. त्यांनी एकदा मलाच अडवलं, "तू खरी कशावरून?" म्हणून. बरं वाटलं.

उसाचा फड

मोटर चालू करायला गेलतो, खिशातला फोन थेट पाटात. घरी आल्या आल्या बायकोनं तांदळाच्या डब्यात खुपसला. रात्रभर ठेवला. सकाळी फोन चालू, पण चार्जर आत जाईना. बघतोय तर चार्जिंगच्या भोकात कणी अडकलेली, ती पण भिजून फुगलेली. दुरुस्तीवाला हसत बसला राव.

त्यानं सांगितलं ते असं: लगेच बंद करायचा, कव्हर काढायचं, भोक खाली करून तळहातावर हळू आपटायचं, मग वारं लागेल अशा कोरड्या जागी उभा ठेवायचा. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नको. पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावायचाच नाही, एक दिवस गेला तरी चालेल.

आंबेमोहोर

आमचा तांदळात ठेवूनच चालू झाला होता हो.

उसाचा फड

वहिनी, तो बाहेर ठेवला असता तरी झाला असता. ॲपलनं तर आयफोनच्या मदतीच्या पानावरच लिहिलंय, तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होतं म्हणून. तुमचा तांदूळ तेवढा वाया गेला नाही ना?

आंबेमोहोर

त्याचा भात केला. बरं आठवलं, चार्जिंगचं भोक! माझ्या फोनची केबल सैल बसायची. दुकानदार भोक बदलायचे हजार रुपये म्हणाला. मुलाने फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच खरवडलं, तर पर्समधल्या धाग्यांचा हा एवढा बोळा निघाला. केबल पहिल्यासारखी टक् करून बसली. पिन किंवा सुई वापरू नका, आतले पत्रे वाकतात.

मुद्रितशोधक

हे फक्त मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आहे, पण मला याने दोन रात्री जागवलंय. दिवाळी अंकाच्या फाइलमध्ये एका कथेतल्या नायिकेचं आडनाव बदलायचं होतं. त्या आडनावात 'ऱ्या' होता. शोधा-आणि-बदला केलं, ४१ ठिकाणी बदललं, निश्चिंत झालो. अंक छापायला जायच्या आदल्या रात्री लेखिकेचा फोन: नवव्या पानावर जुनं आडनाव तसंच आहे.

कारण असं की हा ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ते येतं. दुसऱ्यात साधा र, त्याला हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. डोळ्यांना फरक कळत नाही, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे एक शोधला की दुसरा सापडत नाही. कथा अर्धी लेखिकेने एका कीबोर्डवर लिहिली होती आणि अर्धी तिच्या मुलीने दुसऱ्या.

आता कुठलीही फाइल आली की आधी जोडकवाले सगळे ऱ एकदम बदलून टाकतो. सापडतील असे कसे? फाइलमधूनच एक ऱ्या उचलायचा आणि शोधाच्या चौकटीत पेस्ट करायचा. टाइप करायचा नाही. वाचक म्हणतील, एवढा काथ्याकूट एका अक्षरासाठी? दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, सातारच्या वऱ्हाडापासून अमरावतीच्या वऱ्हाडापर्यंत तेच अक्षर आहे हो.

पेटीवाली

वयाच्या साठीत यूट्यूबवरून पेटी शिकतेय. गुरुजींची बोटं दिसायचीच नाहीत. सेटिंगमध्ये वेग ०.७५ केला तर स्वर तोच राहतो, फक्त चाल संथ होते. कॉम्प्युटरवर इंग्रजी J दाबलं की दहा सेकंद मागे, एल दाबलं की दहा सेकंद पुढे, के म्हणजे थांबा. एकच तान पंचवीस वेळा. शेजारच्यांसाठी मात्र काही युक्ती सापडलेली नाही.

संत्रानगरी

जुना कूलर विकायला ऑनलाइन टाकला. एकाने घासाघीस न करता दोन हजार मान्य केले, तिथेच समजायला हवं होतं. म्हणाला, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील. टाकला. आले नाहीत, गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, फक्त द्यायला लागतो, हे वाक्य मी दोन हजार मोजून पाठ केलंय. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, नोंद झाली, पैसे अजून आलेले नाहीत. कूलर अजून गॅलरीत आहे. उन्हाळ्यात बघू.

दोन वर्षांची आई

मुलीला गाणं लावून फोन दिला आणि तिने माझ्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. रविवार. साहेब बनियनवर. तेव्हापासून अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमधलं ॲप पिनिंग चालू केलंय. गाण्याचं ॲप पिन केलं की दुसरीकडे जाताच येत नाही, बाहेर पडायला लॉक टाकावं लागतं. नवऱ्याच्या आयफोनवर त्यालाच गाइडेड ॲक्सेस म्हणतात.

८:०७ फास्ट

लोकलमध्ये फोन मारला. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक? फोनचा खोका रद्दीत दिलेला. शेवटी खरेदीचं बिल ईमेलमध्ये सापडलं, त्यावर होता. तक्रारीची प्रत, डुप्लिकेट सिम (ओटीपी त्यावर येतो) आणि तो नंबर घेऊन सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर फोन ब्लॉक केला. फोन मिळाला नाही, पण आता भारतातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालणार नाही, तेवढंच समाधान. आत्ता उठा, स्टार हॅश शून्य सहा हॅश लावा. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर दिसतील. कागदावर लिहा. फोनमध्ये लिहून ठेवू नका, मी तेच केलं होतं.

सुप्रभात पीडित

नातवाच्या बारशाला, नाव ठेवायच्या नेमक्या क्षणी, 'स्टोरेज भरले आहे'. फोटो एकही नाही. घरी येऊन बघितलं तर जागा खाल्ली होती फुलं, सूर्योदय आणि समया यांनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज, तिथे मॅनेज स्टोरेज. मोठ्या फाइल्स आणि बरेचदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या काढून दाखवतं. सगळं निवडा, उडवा. मग आपोआप डाउनलोड बंद केलं, म्हणजे बोट लावल्याशिवाय चित्र उतरतच नाही. नुसती मीडिया व्हिजिबिलिटी बंद करून भागत नाही. त्याने गॅलरीत दिसायचं थांबतं, जागा खाणं नाही.

आत्याची फुलं आता धूसर चौकोन होऊन ग्रुपवर येतात. मी रोज न उघडता हात जोडते. आत्याला सांगितलेलं नाही.