विषय: सायकल सहलीचा तंबू – दांडे कुठे बांधायचे?

प्रेषक: वैदेही

सर्वांना सप्रेम नमस्कार,

पिट्सबर्गहून कंबरलँडमार्गे जॉर्जटाउनला जाणाऱ्या आपल्या सायकल सहलीसाठी मी तंबू घेते आहे. त्यावरची सवलत रविवारी रात्री संपते आहे, म्हणून घाईने विचारते. आम्ही निवडलेला तंबू दोन माणसांचा आहे, त्याला दोन्ही बाजूंनी दारे आहेत आणि वजन साडेतीन पौंडांच्या आत आहे. अडचण एकच आहे, ती म्हणजे त्याचे दांडे घडी केल्यावरही 19 इंच लांब राहतात. माझ्या सायकलीच्या खाली वळलेल्या हँडलमध्ये जेमतेम 16 इंच मोकळी जागा आहे आणि तिथूनच ब्रेकच्या तारा जातात. पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या बाजूला लटकवायच्या पिशवीत, दांडे उभे घातले तर तोंड बंद होत नाही. याच तंबूचा सायकलस्वारांसाठी केलेला प्रकार मिळतो आणि त्याचे दांडे 12 इंचांत मावतात. मात्र त्यावर सवलत नाही. या सात इंचांसाठी जास्त पैसे मोजावेत का? गेल्या वर्षी जे कंबरलँडच्या पुढे गेले होते, त्यांनी कृपया लवकर कळवावे.

आपली,
वैदेही

---

प्रेषक: सुधीर

चि. वैदेही,

दांड्यांचा प्रश्न मुळातूनच सोडवता येतो. चालण्याच्या काठ्यांवर उभा राहणारा एकपदरी तंबू घ्यावा. तो दोन पौंडांच्या आसपास मिळतो, त्याला स्वतःचे दांडे नसतात आणि घडी केल्यावर तो पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढा होतो. पिट्सबर्गहून निघाल्यावर 2,392 फुटांवरच्या ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइडपर्यंत (म्हणजे डोंगरातल्या जलविभाजक रेषेपर्यंत) चढच चढ आहे. तो सौम्य असला तरी संपता संपत नाही आणि तिथे प्रत्येक पौंड जाणवतो. सामानाचे वजन आधी ठरवावे आणि मग तंबू पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

– सुधीरकाका

---

प्रेषक: मंजिरी

सुधीरकाका, तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण डोंगर चढणाऱ्याच्या हातात काठ्या असतात, सायकलस्वाराच्या हातात नसतात. वैदेहीने केवळ तंबूसाठी काठ्या घेतल्या, तर वाचलेले वजन त्यातच जाईल आणि लांब वस्तू कुठे बांधायची हा प्रश्न तसाच राहील.

एकपदरी तंबूबद्दल माझा खरा आक्षेप ओलाव्याचा आहे. कंबरलँडपासून जॉर्जटाउनपर्यंतचे 184.5 मैल आपण कालव्याच्या काठाने जातो आणि पलीकडे पोटोमॅक नदी असते. अशा सखल, दमट जागी वारा पडला की आपल्या श्वासातली वाफ कापडाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमते. दुपदरी तंबूत ते थेंब बाहेरच्या पदरावर राहतात आणि मधली जाळी आपल्याला त्यापासून दूर ठेवते. एकपदरी तंबूत पहाटे कूस बदलली की स्लीपिंग बॅगचे पायाकडचे टोक थेट त्या ओल्या कापडाला लागते. पिसे भरलेली बॅग एकदा भिजली की तिची ऊब जाते, आणि पुढची रात्र त्याच बॅगेत काढायची असते.

दुसरे असे की, हा तंबू खुंट्या न ठोकताही उभा राहणारा हवा. कॉनेल्सव्हिलला वाटेलगत ओंडक्यांचे, तीन बाजूंनी बंद असलेले निवारे आहेत. त्यांच्या फळ्यांत खुंटी कशी ठोकणार? डासांचा त्रास असेल तर आतला जाळीचा भाग नुसता दांड्यांवर उभा करून झोपता आले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाबद्दल. वैदेही, तुझ्या सायकलीला मागे कॅरियर असेल तर जास्त पैसे देऊ नकोस. तंबू एका पिशवीत ठेवायचा असतो, हा समज आधी सोडून दे. कापड पॅनियरमध्ये जाते, आणि दांडे त्यांच्या पिशवीसकट आडवे न ठेवता कॅरियरवर लांबीच्या दिशेने दोन पट्ट्यांनी आवळायचे. मागे थोडे बाहेर आले तरी चालतात. एकच पट्टी मात्र कधीही लावू नये, कारण खडबडीत वाटेवर दांडे सरकून चाकाच्या तारांत अडकू शकतात. त्यांच्या पिशवीवर साधी प्लास्टिकची पिशवी चढवावी; पावसानंतर कालव्याकाठी चिखल होतो आणि त्याची रेती सांध्यांत गेली की दांडे धड जुळत नाहीत, धड सुटत नाहीत. आखूड दांड्यांच्या प्रकारात सांधे जास्त असतात, हेही विसरू नये. कॅरियर नसलेल्या, सगळे सामान सांगाड्याला बांधायच्या सायकलींसाठी तो प्रकार उत्तम आहे, आणि तिथे त्याचे पैसे वसूल होतात.

– मंजिरी

---

प्रेषक: नीलेश

नमस्कार. नवीन तंबू विकत घेण्याची गरज आहे का? मंडळाच्या भांडारात सहा माणसांचे तंबू वर्षभर पडून असतात. प्रभाकररावांनी परवानगी दिली तर दोन कुटुंबांची एका तंबूत सोय होईल.

---

प्रेषक: प्रभाकर

श्री. नीलेश यांस,

ते तंबू मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी घेतलेले आहेत आणि समितीच्या ठरावाशिवाय ते बाहेर जात नाहीत. याआधी एक तंबू ओल्या अवस्थेतच गुंडाळून परत देण्यात आला होता. पुढच्या शिबिराच्या वेळी उघडला तेव्हा आतला जलरोधक थर चिकट होऊन कापडाचे पदर एकमेकांना चिकटले होते आणि वास काही केल्या जात नव्हता. पॉलियुरेथेनचा थर ओल धरून बंद राहिला की असाच खराब होतो आणि मग तो दुरुस्त होत नाही. त्यामुळे सहलीहून आल्यावर प्रत्येकाने आपापला तंबू गॅरेजमध्ये दोरीवर पूर्ण उघडून वाळवावा, ही सर्वांनाच विनंती आहे.

शिवाय हे तंबू सायकलीवर नेण्याजोगे नाहीत. फायबरग्लासच्या दांड्यांचा एकेक तुकडा दोन फुटांहून लांब आहे. कालव्याकाठच्या तळांवर आगाऊ आरक्षण नसते, येईल त्याला जागा मिळते आणि एका तळावर एकच रात्र राहता येते. लाँग वीकएंडला तिथे दाटी होणार. आपला एक मोठा तंबू निम्मी सपाट जागा अडवून बसला तर मागून येणाऱ्यांवर अन्याय होईल.

– प्रभाकर (भांडार)

---

प्रेषक: सुधीर

प्रभाकरराव, वाळवण्याबद्दल आपण लिहिले ते अगदी योग्य आहे. मात्र सहलीत रोज सकाळी वाळवायला वेळ कुठून आणायचा? माझी पद्धत अशी की ओला बाहेरचा पदर वेगळ्या पिशवीत कॅरियरवर वरच ठेवायचा आणि दुपारी जेवायला थांबलो की कुंपणावर पसरायचा. उन्हात अर्ध्या तासात तो वाळतो. सिलिकॉनचा थर दिलेले नायलॉन ओले झाले की सैल पडते, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्यात. पॉलिएस्टर इतके सैल पडत नाही. वैदेहीने कापड कोणते आहे, हे आधी पाहावे.

एकपदरी तंबूबद्दलचे माझे मत मी बदललेले नाही; जाळीच्या खिडक्या दोन्हीकडे उघड्या ठेवल्या तर ओलावा बराच कमी होतो.

---

प्रेषक: वैदेही

मंजिरीताई, काका, मनापासून आभार. कॅरियर आहे, त्यामुळे 19 इंची दांड्यांचाच तंबू घेते. कापड नायलॉनचेच आहे. आता शेवटचा एक प्रश्न: तंबू डोक्याकडे 52 इंच रुंद आहे, पण पायाकडे 42 इंचच आहे. अनिकेतची मॅट 25 इंचांची आहे आणि माझी 20 इंचांची. त्या आत मावतील का?

---

प्रेषक: मंजिरी

दोन्ही मिळून 45 इंच होतात. मॅट आयताकृती असतील तर पायाकडे तीन इंच एकमेकींवर चढतील आणि अनिकेतचे पाय रात्रभर बाहेरच्या कापडाकडे ढकलले जातील. पायाकडे निमुळती होणारी मॅट घेतली तर प्रश्न सुटतो, आणि ती तीन माणसांच्या तंबूपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. माझ्याकडे तशी एक आहे. शनिवारी शाळेनंतर घेऊन जा आणि दिवाणखान्यात 52 आणि 42 इंचांवर चिकटपट्टी लावून दोघे खरोखर आडवे होऊन पाहा. त्यानंतरच रविवारी पैसे भर.