खारफुटीतला कोल्हा सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर येतोय, पिंजरा लावायचा का?

गौरी_खारघर

आमची सोसायटी खारघरच्या खाडीकडच्या टोकाला आहे. मागे सर्व्हिस रोड, त्यापलीकडे जरा मोकळी जमीन आणि मग थेट खारफुटी. कोजागिरीला आम्ही सगळे गच्चीवर होतो. दूध आटत आलं होतं, मुलांच्या भेंड्या रंगल्या होत्या, आणि साडेबाराच्या सुमारास खालून कोल्हेकुई सुरू झाली. आधी एकच आवाज, मग चहूबाजूंनी. थोड्या वेळाने एक कोल्हा चक्क रस्त्यावरच्या दिव्याखाली येऊन उभा राहिला. गावठी कुत्र्यापेक्षा लहान, निमुळतं तोंड, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर नुसता गोंधळ. कोणी म्हणतं पिंजरा लावा, कोणी म्हणतं मागची झाडी छाटून टाका, एकाने तर रोज फटाके लावायला सुचवलं. रविवारी मीटिंग आहे. तिथे "बिचारा मुका प्राणी" एवढ्यावर भागणार नाही. तो मुळात वर येतो कशाला? मुलांना धोका आहे का? कायदा काय म्हणतो? माहितगारांनी कृपया सविस्तर लिहा.

तिवर

गौरीताई, मी इथल्याच खाडीकाठच्या आगरी घरातला. कोजागिरीला दिसला म्हणालात, त्यातच अर्धं उत्तर आलं.

पुनव-अवसेला उधाण असतं आणि आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी आणि रात्री बारा-एकच्या आसपास चढते. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा पाणी तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या मुळांशी खेळून मागे फिरतं. उधाणाला मात्र खारफुटीतल्या एरवी कोरड्या राहणाऱ्या जागाही बुडतात. कोल्हा खारफुटीत राहतो खरा, पण त्याला बसायला-निजायला कोरडा उंचवटा लागतो. पूर्वी खारजमिनीचे बांध होते, उघाड्यांच्या (बांधातून पाणी सोडायच्या दारांच्या) बाजूचे मातीचे भराव होते. शेती गेली तसे कितीतरी बांध फुटले, काहींवर रस्ते आले. वर राडारोडा पडला की खाडीचं पाणी नेहमीच्या वाटेने जात नाही, भलतीकडेच साचून राहतं. आता भरतीच्या वेळी त्याला उंच जागा कुठली, तर तुमचा सर्व्हिस रोड! कॅलेंडर घ्या आणि वॉचमनला विचारा कुठल्या तारखांना दिसला. बहुतेक वेळा तिथी जुळेल.

दुसरं कारण पोटाचं. माझे वडील ओहोटीला चिंबोऱ्या धरायला जायचे, मी मागे टोपली घेऊन. चिखलात कोल्ह्याच्या पावलांची ओळ असायची, आणि ती जिथे थांबे तिथे चिंबोरीची पाठ फोडून आतला गर खाल्लेला, नांग्या तशाच बाजूला पडलेल्या. निवट्या (चिखलातले छोटे मासे), घुशी, किनाऱ्याला लागलेले मेलेले मासे, सगळं त्याला चालतं. असा धडधाकट खाणारा प्राणी तुमच्या गेटबाहेर रात्रभर ओला कचरा उघडा पडलेला असेल तर तो सोडेल कशाला? वडील त्याला कधी हाकलत नसत. "त्याची पण खाडी हाय," एवढंच म्हणायचे. मला ते आजही शंभर टक्के पटतं.

अ‍ॅड_बेलापूर

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. परवानगीशिवाय पिंजरा लावणं, पकडून दुसरीकडे सोडणं हा गुन्हा. "इथे कुठे अभयारण्य आहे?" असं कुणी म्हणेल. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द तुमच्यापर्यंत येत नाही हे खरं, पण कोल्ह्याला संरक्षण आहे ते हद्दीबाहेरही आहे. खारफुटी छाटण्याचा तर विचारच नको. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटी तोडायला मनाई केली आहे आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितलं आहे. राडारोडा पडताना दिसला तर फोटो, वेळ आणि जागा नोंदवून कांदळवन कक्षाकडे (वन विभागाचा खारफुटीसाठीचा कक्ष) लेखी तक्रार करा. लेखीच करा, पोच घ्या.

आई_सेक्टर१५

कायदा मान्य, पण माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि संध्याकाळी मागेच सायकल चालवते. चावला आणि रेबीज असला तर?

तिवर

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. निरोगी कोल्हा माणूस दिसला की काढता पाय घेतो, मुलांच्या मागे लागत नाही. पण रेबीज कोल्ह्यालाही होतो, आणि बहुधा कुत्र्यांकडून. म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. त्याने मुलं वाचतील आणि कोल्हेही, कारण कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोगही त्यांच्यात पसरतो. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी जरूर घालावं, पण खारफुटीच्या कडेला नको, पुढच्या गेटला घाला.

भर दिवसा झोकांड्या खाणारा, लाळ गळणारा, माणसाला न बिचकणारा कोल्हा दिसला तर जवळ जायचं नाही, काठीही उगारायची नाही. मुलांना आत घ्या आणि वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. कुठल्याही जनावराने चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका.

आणि पिंजऱ्याचं म्हणाल तर एक धरून नेला की रिकाम्या जागेत दुसरा येतो. कचरा तोच, भरती तीच. पिल्लांच्या दिवसांत आई पिंजऱ्यात गेली तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. हे होऊ देऊ नका, हात जोडून सांगतो.

गौरी_खारघर

सगळ्यांचे मनापासून आभार. वॉचमनची रात्रीची वही काढली. कोजागिरीच्या आधीची नोंद सर्वपित्री अमावस्येची निघाली! मीटिंगमध्ये तीन गोष्टी मांडते: ओला कचरा रात्री बाहेर न ठेवता सकाळी गाडी आल्यावरच द्यायचा, कुत्र्यांच्या लसीकरणासाठी महापालिकेला पत्र द्यायचं आणि राडाऱ्याची तक्रार सोसायटीच्या लेटरहेडवर करायची. तिवर दादा, मागच्या भिंतीवरचा फ्लडलाइट रात्रभर खारफुटीवर असतो. तो वळवला तर बरं ना?

तिवर

हो, खाली रस्त्याकडे वळवा. वॉचमनला दिसण्यापुरता उजेड ठेवा, खारफुटीवर नको. झाडांत ढोकऱ्या (बगळ्यांसारखे पक्षी) रात्रीला बसतात, त्यांनाही त्रास होतो. आणि रविवारी कुणी माहितगार हवा असेल तर कळवा, मी येतो.