मदत हवी आहे: ढग विरतो की तारकागुच्छ सरकतो?
एनजीसी ६२८ या सर्पिल दीर्घिकेमध्ये हबल दुर्बिणीने टिपलेले तरुण तारकागुच्छ आणि आल्मा या रेडिओ दुर्बिणीने कार्बन मोनॉक्साइडवरून काढलेला रेणवीय ढगांचा (ज्यातून तारे जन्मतात त्या थंड गॅसच्या ढगांचा) नकाशा एकमेकांवर ठेवून बघतेय. अगदी कोवळे गुच्छ ढगाला चिकटलेले दिसतात, पण वयाने थोडे मोठे झाले की आसपास गॅसच नाही!

गुच्छातला पहिला सुपरनोव्हा (मोठ्या ताऱ्याचा स्फोट) फुटायला साधारण ३० ते ४० लाख वर्षं लागतात ना, मग त्याआधीच तारकीय वारे (ताऱ्यांमधून सुटणारे गॅसचे झोत) आणि अतिनील प्रकाश ढग उडवून लावतात, की गुच्छच सरकतो, कारण सेकंदाला १० किमी वेगानेसुद्धा ५० लाख वर्षांत जवळपास ५० पार्सेक (सुमारे १६० प्रकाशवर्षं) होतात, म्हणजे एका ढगाएवढं अंतर. मला पहिलं जास्त पटतं, पण हे दोन्ही निरीक्षणातून वेगळं कसं करायचं? कोणी प्लीज सांगा, खूप मनापासून समजून घ्यायचंय.