ग्रीक घराचं अंगण गेलं, हे बरं झालं की वाईट?

ओसरी

गेल्या आठवड्यात आपल्या या चर्चामंडळावरच्याच एका प्रवासवर्णनाखाली प्रतिसाद आला होता: प्राचीन ग्रीक घर म्हणजे बायकांचा तुरुंग, आणि अथेन्सच्या सिमेंटच्या फ्लॅटनेच ग्रीक बाईला मोकळा श्वास दिला. मला हे मुळीच पटलं नाही. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आधी घर बघू. उत्तर ग्रीसमधलं ऑलिन्थस शहर मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि लोकांना गुलाम म्हणून विकलं. त्या जागेवर पुढे मोठी वस्ती झाली नाही, म्हणून १९२८ पासूनच्या उत्खननात शंभराहून जास्त घरांचे आराखडे नीट हाती लागले. एका ओळीत पाच घरं, पाठीमागे आणखी पाच, मधे सांडपाण्याचा बोळ. प्रत्येक घर साधारण १७ मीटर लांब, तेवढंच रुंद. दगडी जोतं, वर कच्च्या विटांच्या भिंती, कौलं. रस्त्याकडे जवळजवळ पाठच. दारातून आत गेलं की अंगण, अंगणाच्या उत्तरेला खांबांची ओसरी (तिला पास्तास म्हणत) आणि तिच्यामागे खोल्या.

असं का, ते सॉक्रेटिसचा शिष्य आणि लेखक झेनोफन याने सॉक्रेटिसच्याच तोंडून सांगितलंय. दक्षिणेकडे तोंड केलेल्या घरात हिवाळ्याचं तिरपं ऊन थेट ओसरीत येतं, आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो तेव्हा छपराची सावली मिळते. कोळसा न जाळता ऊब, पंखा नसताना गारवा. कच्च्या विटेत राहणाऱ्या माणसांनी सूर्याचा एवढा विचार करून घरं बांधली, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आराखड्याकडे बघत बसले होते.

अंगणाला जुन्या ग्रीकमध्ये औले म्हणत, आज आव्ली म्हणतात. होमरचा शब्द आजही बोलण्यात आहे, कारण ती जागाही टिकून होती. ती अथेन्समधून गेली ती मुख्यतः १९५० ते १९८० या काळात. एकाच इमारतीतले मजले आणि फ्लॅट वेगवेगळ्या मालकांच्या नावावर करता येतील असा कायदा १९२९ मध्येच झाला होता. युद्धानंतर त्याच्या जोरावर अंदिपारोही नावाची पद्धत फोफावली. मालकाने अंगणाचं घर ठेकेदाराला द्यायचं, ठेकेदाराने ते पाडून पाच-सहा मजले उठवायचे, मालकाला त्यातले दोन-तीन फ्लॅट, बाकीचे ठेकेदाराने विकायचे. पुण्यातले वाडे कसे गेले हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. अडीच हजार वर्षांची वस्तू एका पिढीत मोडली. याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिसरा मजला

तो प्रतिसाद माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे.

सूर्य तुम्ही झेनोफनकडून घेतलात, तर त्याचंच बाकीचंही घ्या. घरकारभारावरच्या त्याच्या संवादात इस्कोमाखस नावाचा सुखवस्तू गृहस्थ सांगतो की बायको घरात आली तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हती, आणि तोवर तिला शक्य तितकं कमी पाहू, कमी ऐकू आणि कमी विचारू दिलं होतं. मग तो तिला राणी माशीची उपमा देतो: पोळ्यात राहायचं, बाहेर जाणाऱ्यांना पाठवायचं, आलेलं साठवायचं. व्यायाम हवा असेल तर कणीक मळ आणि कपडे झटक. घर दाखवताना बायकांचा भाग आणि पुरुषांचा भाग यांच्यामधलं अडसर लावलेलं दार तो दाखवतो. ते कशासाठी, तर गुलामांना परवानगीशिवाय मुलं होऊ नयेत म्हणून. ज्या घरात माणसाच्या पोटी मूल येण्यावरही मालकाचा अडसर आहे, त्या घराच्या उन्हाचं कौतुक मला करवत नाही.

घरातली सगळ्यात देखणी खोली कुणाची? आंद्रॉन, म्हणजे पुरुषांची बैठक. कडेने मंचकांसाठी उंचवटा, पुष्कळदा गारगोट्यांच्या नक्षीची जमीन. तिथे पाहुणे कलंडून द्राक्षारस पीत, आणि घरची बाई त्या पंगतीत नसे.

आणि जे अंगण गेलं म्हणून तुम्ही हळहळता, त्याचं १९५० मधलं रूप काय होतं? १९२२ मध्ये तुर्कांकडून झालेल्या पराभवानंतर आणि पुढच्या वर्षीच्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत आशिया मायनरमधून सुमारे बारा लाख निर्वासित ग्रीसमध्ये आले. पुष्कळ वस्त्यांत एका अंगणाभोवती अनेक बिऱ्हाडं, एक नळ, एक संडास. चाळीत वाढलेल्या माणसाला त्या अंगणाचं काव्य सांगू नका. मी वाढलोय. स्वतःचा नळ आणि आतून लावता येणारी कडी यांची किंमत मला ठाऊक आहे.

खापर

पुरातत्त्व शिकतो म्हणून मधे पडतो. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

बायकांचा कुलूपबंद भाग पुस्तकात आहे, जमिनीत सापडत नाही. आंद्रॉन लगेच ओळखू येतो, कारण मंचक नीट बसावेत म्हणून त्याचं दार मधोमध नसतं, थोडं बाजूला असतं. पण ऑलिन्थसमध्ये बोट ठेवून ‘हा बायकांचा भाग’ म्हणावी अशी खोली दाखवता येत नाही. मागाचे उभे धागे ताणून धरणारी मातीची वजनं अंगणात, ओसरीत, वेगवेगळ्या खोल्यांत मिळाली. माग उभा असायचा, भिंतीला टेकवून कुठेही नेता यायचा. शेगड्याही उचलून नेण्यासारख्या होत्या. दिवस जसा सरकेल तसं काम सरकायचं.

अथेन्समध्ये लोकांना न्यायालयातली भाषणं लिहून देणाऱ्या लिसियासचं एका खटल्यातलं भाषण पाहा. युफिलेटस न्यायालयात सांगतो की त्याचं घर लहानसं, दोन मजली, वर बायका, खाली पुरुष. मूल झालं आणि त्याला न्हाऊ घालायला बायकोने दर वेळी जिना उतरायला नको म्हणून नवरा वर गेला, बायको खाली आली. म्हणजे ‘बायकांचा मजला’ एका तान्ह्या मुलापायी बदलला. (पुढे त्याच घरात बायकोच्या प्रियकराचा खून झाला, म्हणून तर हे सगळं न्यायालयात सांगावं लागलं.)

मात्र ओसरीताई, तुमच्या अंगणाची एक बाजू तुम्ही सोडलीत. पुरातत्त्वज्ञ लिसा नेवेट यांनी या घरांवर बरंच काम केलंय. त्यांचा मुद्दा असा की रस्त्यावरून आत यायला बहुधा एकच दार आणि सगळ्या खोल्यांची वाट अंगणातून, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं हे कायम कुणाच्या तरी नजरेत. तेच अंगण उजेड देतं आणि पहाराही ठेवतं.

आणि हे सगळं खाऊनपिऊन सुखी घरांचं. गरिबांच्या बायकांना बाहेर पडण्यापासून कोण रोखणार, असं खुद्द अ‍ॅरिस्टॉटल विचारतो. त्या बाजारात फिती विकत, शेतावर राबत.

ओसरी

खापर, पहाऱ्याचा मुद्दा मान्य. तो मी टाळला होता.

पण तिसरा मजला, गुलामगिरी हा अंगणाचा दोष कसा? आंद्रॉनचा रिवाज गेला, गुलाम गेले, तरी अंगण राहिलं. एजियन समुद्रातल्या सायक्लेडीज बेटांवर, खेड्यांत ते आजही आहे. तेलाच्या रिकाम्या डब्यांना चुना फासून त्यात बेझिल लावतात (आपल्या तुळशीचं सख्खं भावंड), द्राक्षाचा मांडव असतो, दारात खुर्ची असते.

आणि कडीची गोष्ट काढलीत म्हणून विचारते, ती कडी मिळाली कुणाला? अंदिपारोहीत फ्लॅट मिळायचे जमिनीच्या मालकाला. अंगणातल्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्यांचं काय? ग्रीक नाटककार काम्पानेलिस यांचं १९५७ चं एक नाटक नेमकं अशाच अंगणावर आहे. जागा इमारतीसाठी विकली जाते आणि बिऱ्हाडांना बोचकी बांधून निघावं लागतं.

दर्यावर्दी

जहाजावर होतो. दुरुस्ती लांबली म्हणून अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेयसला चार महिने तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहिलो. पुस्तकातलं मला फार कळत नाही, पाहिलेलं लिहितो.

त्या इमारतींना पोलिकातिकीआ म्हणतात. खालच्या अंधाऱ्या फ्लॅटमध्ये अल्बानियातून आलेलं कुटुंब, मधे पेन्शनर, सगळ्यात वर गच्चीवाले वकील. वर जावं तसं भाडं चढतं. पण जिना एकच, देखभालीचा हिशोब एकच, भांडणाची बैठकही एकच. मुंबईत श्रीमंताचं दार आणि गरिबाचं दार वेगळं झालेलं पाहिलंय, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

बाल्कन्या रुंद, त्यावर कापडी छत. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच शांततेची वेळ, कायद्याने. संध्याकाळी छतं वर गुंडाळली की अख्खी गल्ली बाल्कनीत येते. मालकीणबाई रोज झाडांना पाणी घालताना रस्त्यापलीकडच्या बाल्कनीतल्या बाईशी बोलायच्या, मधे मोटारी. अंगण गेलं म्हणता, मला तर ते भिंतीवर टांगलेलं दिसलं.

वाईटही सांगतो. आर्थिक संकटात हीटिंगच्या तेलावरचा कर वाढला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात पुष्कळ इमारतींनी सामाईक हीटिंग बंद केलं, कारण काही शेजाऱ्यांकडे वर्गणीलाच पैसे नव्हते. लोकांनी मिळेल ते लाकूड जाळलं, अथेन्सवर धूर बसला. मालकीणबाई त्या वर्षाबद्दल बोलताना अजून शाल ओढून घ्यायच्या.

ओसरी

हाच तर माझा मुद्दा. अडीच हजार वर्षांपूर्वी जे घर सूर्यावर तापायचं, त्याच्या जागी तेल आणल्याशिवाय न तापणारं घर बांधलं. मागच्या खोल्यांना इमारतीमधल्या हवेच्या अरुंद पोकळीतून येईल तेवढाच उजेड, आणि उन्हाळ्यात काँक्रीट रात्रभर धगधगतं. बाल्कनीला तोंड मिळेल तिकडे, दक्षिण कुणी बघितली?

उंबरा

सगळे घराच्या आकारावर बोलताय, घर कुणाच्या नावावर हे कुणीच बोलत नाही.

एजियनच्या पुष्कळ बेटांवर घर आईकडून मुलीला जायचं. कार्पाथोसवर थोरल्या मुलीला कानाकारा म्हणतात. आईचं घर तिला, आणि लग्नानंतर नवरा तिच्या घरी राहायला जातो. हुंडाच होता तो, प्रिका. पण उंबरा तिचा. अथेन्समध्ये हीच रीत फ्लॅटवर आली. दोन मुली असल्या की बाप ठेकेदाराकडून दोन फ्लॅट मागून घ्यायचा, मुलीला घर नाही तर स्थळ नाही. १९८३ च्या कौटुंबिक कायद्याने हुंडा रद्द केला, नवरा कुटुंबप्रमुख ही तरतूद काढली, आणि लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनावच कायम केलं. ग्रीक बाईला श्वास मिळाला असेल तर तो या कायद्याने. अंगणाने नाही आणि फ्लॅटनेही नाही. माझ्या आईच्या नावावर आयुष्यभर एक खोलीही नव्हती, म्हणून मला हे आधी दिसतं.

तिसरा मजला

उंबरा, पटलं. फ्लॅटला मी जरा जास्तच श्रेय दिलं. भाडेकरूंबद्दल ओसरींनी विचारलं, त्याचंही माझ्याकडे उत्तर नाही, चाळीच्या पुनर्विकासात आमच्या शेजाऱ्यांचं तेच झालं.

पण ऑलिन्थसच्या घरांत न्हाणीघरं होती ना खापर? त्यांचं सांगा.

खापर

बऱ्याच घरांत. चुलीच्या जागेला लागूनच छोटी खोली, म्हणजे ऊब मिळे. भाजलेल्या मातीचा टब, आखूड, आत बसायला ओटा. पाय पसरता येत नसत, बसूनच अंगावर पाणी घ्यायचं. पाणी तापवून आणून ओतायला दुसरं माणूस लागे.

तिसरा मजला

ते माणूस झोपायचं कुठे?

खापर

गुलामांची अशी वेगळी खोली ऑलिन्थसमध्ये ओळखता आलेली नाही. कोठारात, चुलीपाशी, ओसरीत, जागा मिळेल तिथे.

ओसरी

ओसरीत. हे मी लिहायला हवं होतं.